हिरवा स्टिकर

सर्व्हरमधल्या एसएसडींचं फर्मवेअर अपडेट करताना तो एकेका डिस्कचं काम उरकायचा आणि लगेच तिच्यावर हिरवा स्टिकर चिकटवायचा. सगळ्या डिस्क दिसायला सारख्याच, एखादी चुकून राहिली तर ऑफिसभर बोंब! लोक हसायचे, पण त्याच्या हातून आजवर एकही डिस्क राहिली नव्हती.

आज संध्याकाळी बायको तान्ह्या जुळ्या लेकींना त्याच्यावर सोपवून बाहेर गेली. परतली तेव्हा दुधाच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. एक लेक ढाराढूर झोपली होती आणि दुसरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

"अगं, दोघींना पाजलंय! स्टिकरसुद्धा लावलेत. तोंडात घालतील म्हणून पाठीखाली हात घालून फ्रॉकला मागून लावले."

बायकोने झोपलेल्या लेकीला अलगद कुशीवर वळवलं.

"लावलेस ना. दोन्ही हिलाच!"