एक जूनची माणसं

"तुमच्या पणदऱ्यात काय सगळी पोरं एक जूनलाच जन्माला येतात?"

फोनवर पुण्याचा अविराज खदाखदा हसत होता. दूध संस्थेचा नवा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. प्रगतीला मात्र हसू येत नव्हतं. संस्थेत ती एकटीच ऑपरेटर, आणि जुन्या कॉम्प्युटरमधले सभासद नव्या कॉम्प्युटरमध्ये नेता नेता तिच्या नाकी नऊ आले होते.

जुन्याला ताटलीएवढ्या फ्लॉप्या लागत, नव्याला लहान. दोन्ही खाचा असलेलं मशीन बारामतीच्या एका क्लासमध्ये होतं. त्यासाठी ती तीनदा एसटीनं जाऊन आली. पहिल्या खेपेला एक फ्लॉपी वाचलीच गेली नाही, दुसऱ्या खेपेला क्लासची वीज गेली. एवढं करून बाराशे नावं नव्या मशीनमध्ये उतरली आणि त्र्याऐंशी मशीननं बाहेर काढली. आडनाव आणि जन्मतारीख जुळली, की नवा प्रोग्रॅम दोघांना एकच माणूस समजे आणि दुसऱ्याला दारातूनच परत पाठवी. इथं निम्मा गाव कोकरे. ज्याची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नाही, त्याला शाळेत मास्तरांनी एक जून लावलेली. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांना संस्थेच्या जुन्या सेक्रेटरीनं फॉर्म भरताना तीच चिकटवून दिली होती.

"तुमच्या प्रोग्रॅममधून ती अट काढा ना," ती म्हणाली.

"शनिवारपर्यंत नाही जमणार. तुम्हीच तारखा बदला. नाहीतरी खोट्याच आहेत."

शनिवारी सभासदांची छापील यादी चेअरमन आप्पासाहेब कोकरे यांच्या हातात पडायची होती. पडली, तर तीन वर्षं हंगामी असलेली प्रगती कायम होणार होती. नाही पडली, तर बारामतीत ऑपरेटर पैशाला पासरी मिळत होते.

तिनं त्र्याऐंशी जणांना ऑफिसात बोलावलं, आणि तिथंच चुकलं. खरी तारीख कुणालाच सांगता येईना. कुणी दुष्काळात जन्मलेला, कुणी सुगीत. वैतागून ती म्हणाली, "मग कुठलीही सांगा!" झालं, आगीतून फुफाट्यात. तात्याबाला बैलपोळाच हवा होता. त्याच्या जन्मसालातला पोळा कोणत्या तारखेला आला होता, हे आता कुणाला विचारायचं? भिमाला कुठलीही चालणार होती, फक्त अमावस्या नको. झुंबर तारीख द्यायला म्हणून आला आणि पाच वर्षं कमी करून मागत बसला. कौसल्याबाईंनी सोमवार मागितला, तो मिळाल्यावर जावेला काय दिलंस म्हणून विचारलं, आणि जावेपेक्षा धाकटं व्हायचंय म्हणून पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सटवाईसुद्धा एका पोराच्या कपाळावर एकदाच लिहिते. प्रगती एकेकाचं तीन तीनदा खोडत होती.

मध्येच चेअरमन डोकावून गेले. "काय बी करा, प्रगतीबाई, पर माझी तारीख हलवू नका. दर एक जूनला आपल्या दारात मांडव पडतो, पेढं वाटत्यात. सगळ्या तालुक्याला ठावं हाय."

त्यांची कोण हलवणार होतं? यादीत पहिलं नावच त्यांचं होतं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता एकच नाव उरलं. साखरबाई कोकरे, जन्म एक जून एकोणीसशे छत्तीस. नेमकी चेअरमनच्याच सालातली. ती वस्तीवरून चालत आली होती. आल्या आल्या दाराशीच टेकली.

"आजी, सण सांगू नका, वार सांगू नका. नुसती तारीख सांगा."

"हाय ती काय वाईट हाय?"

"खोटी आहे ती, आजी! तुमच्या गावात सगळ्यांचीच खोटी आहे!" प्रगती ओरडलीच. चार दिवसांचा सगळा राग त्या म्हातारीवर निघाला.

साखरबाईनं तो मनावर घेतला नाही. तिला सांगायचं होतं ते तिनं सावकाश सांगितलं.

"माझी खोटी न्हाय, बाय. इंदापूरकडं, माज्या माह्यारी, बानं मला शाळंत नेलं. मास्तरनं इचारलं, पोर कवाची? बा म्हणला, ठावं न्हाय. मास्तर म्हणला, मग आज एक जून हाय, आजचीच लिवतो. साल तेवढं अदमासानं मागं टाकलं. दिसभर बसले मी तितं. पाटीवर ग काढला, म काढायचा ऱ्हायला. सकाळी आमची मेंढरं हलली, त्यांच्यामागनं मी बी गेले. पुन्यांदा शाळा न्हाय." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जल्म कवा झाला ती आईलाच ठावं. पर त्यो दिस माझा हाय. त्यो ऱ्हाऊ दे."

प्रगतीला आपल्या ओरडण्याची लाज वाटली. इतकी, की तिला वर बघवेना. तिनं खाली मान घालून साखरबाईच्या नावापुढं पुन्हा एक जून टाइप केलं. मशीननं नाव पुन्हा दुबार म्हणून परत दिलं. छत्तीस सालच्या एक जूनला एकाच कोकऱ्याला जागा होती, आणि ती भरलेली होती.

उद्या सकाळी यादी चेअरमनच्या टेबलावर जाणार होती. ते ती पहिल्या नावापासून वाचणार होते.

प्रगतीनं आप्पासाहेबांची नोंद उघडली आणि चेअरमनसाहेबांना एका दिवसानं धाकटं केलं.