टिटवीचं वळण

ताप उतरताच हेमांगीने आभासी खेळाचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अगं, आधी पेज तरी पिऊन घे," तिचा नवरा विश्राम म्हणाला.

"वाट बुजली असेल रे."

त्या खेळातल्या माळावर चालणाऱ्याच्या पायांखाली गवत दबायचं, आणि कुणी फिरकलं नाही की पुन्हा वाढायचं. टेकडीपासून तळ्यापर्यंतची वाट त्यांच्या लेकीने, रेणूने पाडली होती. मध्येच एका जागी ती उगाच वळल्यासारखी दिसे. तिथे टिटवीने अंडी घातली होती, म्हणून रेणू लांबून जायची. पिल्लं केव्हाच उडून गेली. मागच्या उन्हाळ्यात आजाराने रेणूही गेली. तेव्हापासून हेमांगी रोज ती वाट चालून राखत होती. या आजारपणात मात्र ते राहिलं होतं.

टेकडीवर ती डोळे मिटूनच उभी राहिली. उघडले, तर वाट होती. उलट रुंद झाली होती. अनोळखी खेळाडू तिच्यावरून तळ्याकडे निघाले होते. हेमांगी भांबावून चालू लागली आणि वळणापाशी सरळच निघाली.

"अहो ताई, तिकडून नका जाऊ! इथे वळायचं असतं," मागून एक बाई ओरडली.

"का?"

"कोण जाणे. वाट वळते, म्हणून सगळेच वळतात."

हेमांगी मागे फिरून वळणावर आली. "टिटवीची अंडी आहेत तिथे," ती म्हणाली.

"अगं बाई! मग हळू बोला की," असं म्हणत ती बाई चवड्यांवर चालू लागली, आणि मागून येणाऱ्यांनाही तिने तोंडावर बोट ठेवून खूण केली.