कॉफीचा पुडा

आरोग्यसेवेत सुधारणा करायच्यात, म्हणून आम्हा नर्सेसचं मत ऐकायला बेलग्रेडहून एक साहेब आले. येताना कॉफीचा पुडा घेऊन आले.

"अगदी मोकळेपणी बोला."

आमच्यातली मिलेवा लगेच सुरू झाली. माणसं कमी, रजा नाही, लिफ्ट बंद. साहेब मान डोलवत होते, पण खिशातलं पेन काही बाहेर निघेना.

देसांकाताई नुसत्या पुड्याकडे बघत होत्या.

"कॉफी आवडत नाही का, ताई?" साहेबांनी विचारलं.

"आवडते की! पण आमच्याकडे नातेवाईक कॉफी देतात ती पेशंट निघताना. बरा झाला तरी देतात, गेला तरी देतात." त्यांनी पुडा साहेबांकडे सरकवला. "मिलेवाचं ऐकलंत ना? आमचा वॉर्ड काही बरा झालेला नाही. मग ही कॉफी कसली, साहेब?"