उसना अंगठा

“मम्मी, तुझा अंगठा दे जरा,” क्रिस्टल म्हणाली, आणि रोझाचा लसूण सोलता हात तसाच थांबला.

दुपार कलली होती. रोझाचा मुलगा मेलरॉय डोंबिवलीला ड्यूटीवर, घरात सासू-सून दोघीच. क्रिस्टल पलंगावर उशीला टेकून बसली होती. उजवा हात अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये. मांडीवर तिचं ते खेळायचं यंत्र होतं. मधे पडदा, दोन्ही कडांना बटणं आणि दोन अंगठ्यांसाठी दोन बुटक्या काठ्या. ऑफिसातून आली की तासभर ती त्यात डोकं घालायची, तेव्हा कुठं माणसात यायची. हात मोडल्यापासून ते कपाटावर पडून होतं.

हात मोडला तो रोझामुळे. निदान रोझाला तरी तसंच वाटत होतं. रविवारी चर्चमध्ये मिसाला जायच्या गडबडीत बोंबील धुतलेलं पाणी तिनंच मागच्या पायरीवर ओतलं, आणि मागोमाग क्रिस्टल बाहेर पडली. खोपट नाक्यावरच्या डॉक्टरांसमोर आणि नवऱ्यासमोर ती एवढंच म्हणाली, की पाय घसरला. कशावरून, ते नाही. सासूला तर तिनं एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर रोझानं दोन शब्द ऐकून घेतले असते, चार सुनावले असते, आणि विषय मिटला असता. पण चोराच्या मनात चांदणं. सून गप्प बसली की रोझाला वाटायचं, पोरीनं पोटात ठेवलंय, कधीतरी काढील.

आणि आता ती अंगठा मागत होती.

“माझा अंगठा मशीनला कळत नाय,” रोझा म्हणाली.

हे काही खोटं नव्हतं. उभा जन्म कोलंबी सोलण्यात आणि खवले काढण्यात गेला होता. अंगठ्यावरच्या रेषा कधी झिजल्या, ते तिचं तिलाही समजलं नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर लाल दिवा लागायचा. दुकानदार अंगठा पुसायला लावायचा, मग ओला करायला लावायचा, शेवटी बाजूला उभं राहायला सांगायचा. रांगेतले सगळे बघत राहायचे. तेव्हापासून कुठलंही मशीन दिसलं की रोझाचा हात आपोआप गाऊनच्या खिशात जायचा.

इथं रेषा लागत नाहीत, क्रिस्टलनं समजावलं. डाव्या काठीनं पडद्यावरची बाई चालते, ते ती स्वतः करील. उजव्या काठीनं बाई कुठं बघते ते ठरतं, तेवढं रोझानं करायचं.

दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. पडद्यावर समुद्र होता, खडक होते आणि टोकाला एक दीपगृह. तिथं पोचून दिवा पेटवायचा. रोझानं काठी ढकलली. सांध्यात वात, त्यात काठी ताठ. अंगठा थरथरला आणि बाई एकदम आभाळाकडे बघू लागली. काठी निसटून परत मधे आली. पुन्हा ढकलली, तर बाई गिरकी घेऊन सरळ पाण्यात. पुढच्या खेपेलाही पाण्यात. रोझानं हात काढून घेतला आणि आपली लसूणच बरी, म्हणाली.

आता पोरगी ते पोटातलं काढील, असं तिला वाटलं.

पण सून डाव्या हातानं पडद्यावर काहीतरी उघडत होती, बदलत होती. काठीच्या खाली बिस्किटाएवढा एक काळा, गुळगुळीत चौकोन होता. काठ्यांची सवय असल्यामुळे तिनंही आजवर त्याला बोट लावलं नव्हतं.

“काठी सोड. इथं ठेव अंगठा. दाबू नको, नुसता सरकव.”

रोझानं अंगठा गाऊनला पुसला. रेशनच्या दुकानातल्यासारखा पुन्हा एकदा पुसला. मग लाल दिव्याची वाट बघत चौकोनावर टेकवला आणि सरकवला.

बाईनं मान वळवली.

रोझानं अंगठा उचलला. बाई तिथंच बघत राहिली. मग कोलंबीचा काळा धागा न तुटता ओढावा, इतक्या हळू रोझानं अंगठा पुन्हा सरकवला. खडक बाजूला झाले आणि समोर पायवाट दिसली.

“कळला गं त्याला,” ती म्हणाली, आणि तिला हसूच आलं.

मग दोघी निघाल्या. रोझा बघेल तिकडंच क्रिस्टलला जाता येत होतं. एका वळणावर सून घाईनं सुटली, तर सासूनं बाईची मान वळवलीच नाही. थांबावं लागलं. खडक संपले आणि दीपगृहाच्या पायऱ्या आल्या. खालून लाटा येत होत्या, दगड चकाकत होते.

“मम्मी, खाली बघ,” क्रिस्टल म्हणाली. “पायरी ओली आहे.”

रोझाचा अंगठा जागीच राहिला. सुनेकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. पडद्यावरची बाईसुद्धा ओल्या पायरीकडे बघत उभी होती.

आधी क्रिस्टलच फिसकन हसली. हसताना प्लास्टर हलून कळ आली, तरी हसत राहिली. रोझानं हळूच वर पाहिलं. त्या हसण्यात कुठं अढी दिसते का, ते शोधलं. दिसली नाही.

“पाणी मीच ओतलेलं,” ती म्हणाली.

“माहितेय. तू ओतताना मी बघितलेलं. तरी धावत गेले.” क्रिस्टलनं डावा अंगठा काठीवर नीट ठेवला. “चल, आता वर बघ. दिवा वर आहे.”

रोझाचा जीव भांड्यात पडला. पण बाईची नजर काही तिनं वर नेली नाही.

“तू चढ गं पोरी,” ती म्हणाली. “मी तुझ्या पायाखाली बघते.”