मोड आलेली नाचणी

शेलू गावातल्या नातवाच्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या बादलीचं झाकण उघडताच आंबट भपकारा आला. अंबाबाईंनी पदर नाकाला लावला. आत पिवळट फेस बुडबुडत होता. साईराज आंबील करणार म्हणाला, म्हणून त्यांनीच नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून दिली होती.

"बियर हाय, आजी. घरची! गहू नाय, बार्ली नाय, पोटाला काय त्रास नाय. ग्लुटेन-फ्री," साईराज म्हणाला.

"शी! डुक्कर तरी तोंड लावेल का रं याला?"

तो हसत ग्लास भरू लागला.

डॉक्टरांनी त्याला गहू आणि बार्ली जन्माची बंद केली, तेव्हा सून ढसाढसा रडली होती. बार्ली सुटली म्हणजे पोराची बियरही सुटली, या आनंदात अंबाबाईंनी मात्र गुपचूप गावदेवीला नारळ वाढवला होता.