माहेरचं घर, घरपोच

माजलगावची सत्यशीला पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या अन् डिंक घेऊन तळहातावर मावतील अशी घरं करायची. धाकटा भाऊ विलास दर दिवाळीला हसायचा, "आक्का, पोरं कॉलेजात गेली, तरी तुझी भातुकली सुटंना व्हय?"

यंदा मात्र भातुकलीनं चांगलंच बाळसं धरलं. "बहिणीला माहेरचं घर भेट द्यायचंय," म्हणत केज, गेवराई, पार आष्टीपासून भावांच्या ऑर्डरींची रीघ लागली. त्यांनी फोटो पाठवायचा, हिनं हुबेहूब घर करायचं. दारातली तुळस, स्लॅबवरची काळी टाकी, सगळं. जिल्ह्यातल्या भावांना एकाएकी एवढा उमाळा कुठून फुटला, याचं तिला भारी कौतुक. त्या कौतुकापोटी ती प्रत्येक खोक्यात हळदीकुंकवाची पुडी फुकट घालायची.

काल गेवराईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, लई भारी घर केलं बघा तुमी! बहिणीनं छातीशी धरलं, ढसाढसा रडली, अन् तशीच येऊन जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून गेली. वकिलानं बी तुमचा नंबर घेतलाय."

सत्यशीलानं फोन ठेवून डिंकाची बाटली बंद केली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. विलास होता, अन् जन्मात पहिल्यांदा तो तिच्या कामाला 'कला' म्हणाला.



"आक्का, आपल्या घराचं बी एक कर की, तुलाच द्यायचंय. सोमवारी घेऊन ये, अन् येताना आधार कार्ड इसरू नको."