सनईवाल्याची दाढ

"सनई पुसतोस, तसे दातही घास लेकरा. रात्री तोंड धुतल्याबिगर निजू नकोस." लहानपणी ऐकलेला वस्तादांचा आवाज आज त्याच्या दाढेत ठणकत होता.

सनई त्यानं रोज मऊ फडक्यानं पुसली. गालात मात्र रात्रभर पान मुरलं. आता लग्नमांडवामागे तो बसत होता, उठत होता, पुन्हा येरझारा घालत होता. सनई ओठांत धरली की कळ थेट मस्तकात जायची, आणि शेवटच्या 'सावधान'ला सनई वाजलीच पाहिजे.

"आबा, गाल सुजलाय तुमचा," त्याच्यामागे वर्षानुवर्षं नुसता सूर धरणारी लेक म्हणाली.

"पान आहे गं."

"पान मी सकाळीच लपवलंय."

त्याला हसू आलं, तशी कळ आणखी उठली. मुलीला दम पुरत नाही, असं आजवर तोच सांगत आला होता. आत शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, तशी त्यानं सनई तिच्यापुढे धरली.

"दाढ किडलीय माझी. तूच वाजव. आणि दात जप गं."

"आबा, दम पुरेल माझा?"

"पुरतो. पहाटे चोरून वाजवतेस, ते पडल्या पडल्या ऐकतो मी. माझ्याहून गोड वाजवतेस, पोरी."